टकटक पोचवणारा फोन

"प्रिय ग्राहक, या महिन्याच्या अखेरीस जुन्या पद्धतीचे फोन बंद होतील. कृपया नवीन फोन घ्यावा."

हा मेसेज मला कारखान्यात, चहाच्या सुट्टीत आला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, कारण माझ्या फोनच्या पडद्यावर एका वेळी जेमतेम चार शब्द मावतात आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर पहिली विसरायला होते. प्रिय म्हणे! इतक्या वर्षांत कंपनीला माझा पुळका आला, तोही फोन बंद करताना.

माझा फोन बटणांचा. त्याच्यावरचा पाचाचा आकडा कधीच पुसून गेलाय, पण तो कुठे आहे ते माझ्या अंगठ्याला ठाऊक आहे. हातातून निसटला की फोन एकीकडे, झाकण दुसरीकडे आणि बॅटरी कपाटाखाली जाते. सगळं गोळा करून जोडलं की पुन्हा मुकाट्याने सुरू होतो. इतका सोशिक प्राणी आमच्या घरात दुसरा नाही. आमचे हे साधी शिंक आली तरी दोन दिवस पांघरूण घेऊन पडतात.

आता खरं सांगायचं तर मला स्मार्टफोनची भारी हौस होती. कारखान्यातल्या बायका सुट्टीत काचेवर बोटं फिरवत बसतात, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरून डोकावते. हे दाबलं तर काय होतं? ते वर सरकवलं तर? आणि हे चाक गरगर फिरतंय ते कशाला? शेवटी त्या वैतागून फोन पर्समध्ये टाकतात. लहानपणापासूनची खोड आहे ही माझी. वस्तू दिसली की ती कशी चालते ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. "तुझ्या जिभेलाच प्रश्नचिन्हाचा बाक आहे," असं हे म्हणतात. म्हणजे मेसेज वाचून खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण मला धास्तीच वाटली, आणि ती ताईमुळे.

ताई माझी थोरली बहीण. याच कारखान्यात आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून बाटल्या तपासायचो. मी अजून तपासते. काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून रांगेने समोर येतात, त्यांच्या मागे पांढरा उजेड असतो आणि आपण बघत राहायचं. कुठे बुडबुडा आहे, कुठे तडा गेलाय, कुणाचं तोंड वाकडं आहे. खराब बाटली दिसली की बोटाने टिचकी मारून तिला रांगेबाहेर ढकलायची. बोट कापू नये म्हणून त्यात स्टीलची जाड अंगठी घालायची. आम्हा दोघींच्या बोटांतून ती घरीही निघत नाही. काम एवढंच, पण गोंगाट असा की शेजारणीने कानाशी येऊन बोंब मारली तरी नुसते ओठ हलताना दिसतात.

ते ओठ वाचण्यात आम्ही पटाईत होतो. पण बाटल्यांवरून नजर हटली की साहेबाची बोलणी खायला लागत. मग आम्ही दोघींनी एक युक्ती काढली. समोर लोखंडी कठडा होता, त्यावर अंगठीने मारायचं. कानाला काही कळायचं नाही, पण कठड्यावर टेकलेल्या कोपराला बरोबर कळायचं. एक टक म्हणजे 'हो', किंवा 'बाटली पास, जाऊ दे पुढे'. दोन म्हणजे 'नाही'. तीन भराभर म्हणजे 'साहेब येतोय, शहाण्यासारखी बस'. आणि अंगठी कठड्यावर खर्रकन घासली की ते हसू. साहेब आमच्या पाठीमागून जात असायचा आणि ताई त्याच्या चालण्यावर अंगठी घासत असायची. मला हसू आवरताना नाकी नऊ यायचे.

तशी ताईला टकटकीची गरजच नव्हती. तिचा आवाज त्या गोंगाटातही ऐकू यायचा. तोंडाचा पट्टा एकदा सुटला की भट्टीवरची माणसंसुद्धा कान टवकारायची. आणि दिसायला देखणी, नटवी. बाटल्यांच्या मागच्या उजेडात आपला भांग नीट आहे का ते बघणारी सबंध कारखान्यात ती एकटीच.

ती निवृत्त झाली आणि लेकीकडे राहायला गेली, लांब, दुसऱ्या गावाला. गेल्या वर्षी तिच्या गळ्यात नको ते निघालं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. आता ती गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेते. बोलणं संपलं.

मी धावत गेले, तर ताईने खोलीचं दार आतून लावून घेतलेलं. भाची, म्हणजे तिची लेक, बाहेर हताश उभी. "मावशी, ती कुणालाच भेटत नाही गं. मला या अवतारात बघू नका, म्हणून लिहून देते." मला राग आला. एवढा प्रवास करून आले, मी काय परकी? मी दाराशी फतकल मारून बसले, हवं नको ते सगळं बोलले, रडले, पुन्हा बोलले. आतून काही हालचाल नाही. शेवटी मी संतापून अंगठीने दारावर तीनदा भराभर मारलं. साहेब येतोय.

थोड्या वेळाने दाराच्या त्या बाजूने अंगठी घासल्याचा आवाज आला. खर्र. ताई हसली होती. मी तळहात दाराला लावून बसून राहिले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी कामावरून आले की तिला फोन करते. तिच्याकडेही माझ्यासारखाच बटणांचा फोन. मी बोलते, ती टेबलावर टकटक करते. कुणी म्हणेल, हे काय बोलणं? पण एक टक किती तऱ्हेने मारता येते! कंटाळून मारलेली वेगळी, 'पुढे काय झालं?' म्हणून घाईने मारलेली वेगळी. भाचीने तिला खूपदा सुचवलं, की तुम्ही दोघी चेहरा दिसणारे फोन घ्या. ताईच्या दोन टका. आणि त्या अशा, की टेबलाला खड्डा पडावा.

म्हणून तो मेसेज वाचून माझा जीव टांगणीला लागला. नव्या फोनवर टकटक ऐकू येते का, हे मला कोण सांगणार?

रविवारी मी यांना बरोबर घेऊन नाक्यावरच्या मोबाईलच्या दुकानात गेले. "मी कशाला?" हे म्हणाले. "तुझे प्रश्न संपेपर्यंत दुकान बंद व्हायची वेळ होईल." पण आले. बस चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गाडीत कुणी नसलं की त्यांना करमत नाही आणि घरात कुणी असलं की झोप येत नाही, असा माणूस.

त्या दुकानदाराला सगळे 'गॅरंटी' म्हणतात. वाक्य कुठूनही निघो, तो ते गॅरंटीवर आणून उभं करतो. गोल चेहऱ्याचा, निवांत माणूस, काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसलेला.

"बटणवाला द्या," मी म्हटलं.

"काकू, बटणवाले नव्या पद्धतीचेही येतात, पण मेसेज गेल्यापासून नुसती झुंबड. एक पीस शिल्लक नाही. पुन्हा माल कधी येईल त्याचीच गॅरंटी नाही. तुम्ही हा बघा."

त्याने एक चकचकीत फोन काढून हातात दिला. मी तो उचलला आणि सवयीप्रमाणे ट्यूबलाइटकडे धरून तिरका केला.

"काय बघताय, काकू?"

"बुडबुडा आहे का ते."

हे दुसरीकडे बघायला लागले. बुडबुडा नव्हता. तडा नाही, लाट नाही, कड अगदी सरळ. काच कुणी केली असेल देव जाणे, पण हात चांगला होता. मग मी विचारायला सुरुवात केली. ही काच पडली तर फुटते का? मग खिशात कशी ठेवतात? बोट लावल्यावर तिला कळतं कसं? नखाने का कळत नाही? गॅरंटी सगळ्याची उत्तरं देत होता आणि त्यांतलं अर्धं माझ्या डोक्यावरून जात होतं, पण मजा येत होती. बोटाचा ठसा घेऊन फोन उघडतो म्हणाला. मी बोट ठेवलं, फोन थरथरला आणि नाही म्हणाला. पुन्हा ठेवलं, पुन्हा नाही. काच हाताळून हाताळून माझ्या बोटांवरच्या रेषा कधीच गुळगुळीत झाल्यात.

"हरकत नाही, हा चेहरा ओळखतो."

"सकाळी उठल्याउठल्यापण?" हे म्हणाले. "मला नाही ओळखता येत."

मी काउंटरखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"आणि आता खरी कमाल," गॅरंटी पुढे सरसावला. "तुम्ही भर चौकात उभ्या राहा. बाजूने ट्रक जाऊ दे, बॅंड वाजू दे. पलीकडच्या माणसाला फक्त तुमचं बोलणं जाणार. बाकी सगळा कचरा हा फोन गाळून टाकतो."

"कचरा म्हणजे काय काय?"

"बोलण्याशिवाय जे जे असेल ते. पंखा, भांडी, हॉर्न, टकटक, खटखट."

मी फोन काउंटरवर ठेवला. "टकटकपण?"

"अजिबात जाणार नाही. गॅरंटी."

वर तो फोनचं नाव बोलला आणि मी ते दोनदा विचारून घेतलं. भाचीने ताईसाठी आणून ठेवलेला फोन याच नावाचा होता. खोक्यातच पडून होता, ताईने त्याला हातही लावला नव्हता, पण महिनाअखेरीला तिला दुसरं होतं काय?

"तुम्ही म्हणता त्यावर मी विश्वास ठेवणार नाही," मी म्हटलं. "मला करून बघायचंय."

गॅरंटीने खांदे उडवले. रविवार दुपार, गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. त्याने दुकानातली दोन सिमकार्डं फोनांत घातली. त्यातला तो चकचकीत फोन यांच्या हातात देऊन मी यांना रस्त्यापलीकडच्या दिव्याच्या खांबाशी उभं केलं. फोन तोंडाशी धरायचा आणि घराच्या किल्लीने खांबावर मारायचं. मी दुकानात दुसरा फोन कानाला लावला.

"ऐकू येतंय का?" हे ओरडले. तेवढं स्वच्छ ऐकू आलं.

"बोलू नका! मारा!"

काचेच्या दारातून मला दिसत होतं, हे किल्ली मारतायत, चांगली दणादण मारतायत. रस्त्याने जाणारी एक बाई मुलाला जवळ ओढून घेऊन लगबगीने पुढे गेली. कानात मात्र काहीच नाही. मी माझा फोन बदलला. दुसरा लावला, तिसरा लावला. गॅरंटी एकेक खोका उघडत होता, मी एकेक कानाला लावत होते, हे खांब बडवत होते. सगळे फोन मुके.

शेवटी यांनीच रस्ता ओलांडला आणि आत येऊन हातातला फोन काउंटरवर आपटल्यासारखा ठेवला. "माझा हात भरून आला. लोकांना वाटतंय मला झटका आलाय. आता तू जा बाहेर."

त्या क्षणी माझ्या हातात खालच्या खणातून काढलेला एक ठोकळा होता, जाड कडांचा, मळकट राखाडी. तोच घेऊन मी बाहेर गेले आणि खांबावर अंगठी मारली. एकदा. आतून यांनी दचकून फोन कानापासून लांब धरला. "अगं हळू! कान फोडतेस का?"

मी खांबाशीच थबकले. पुन्हा मारली. आत यांनी पुन्हा तोंड वाकडं केलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाळणी ऐकणाऱ्याच्या फोनात नव्हती, बोलणाऱ्याच्या फोनात होती. आवाज निघतानाच गाळला जात होता. मी माझ्यासाठी जगातला कुठलाही फोन घेतला असता तरी काही फरक पडणार नव्हता. सगळं ताईच्या हातात कुठला फोन आहे त्यावर होतं. इतका वेळ मी चुकीचं टोक तपासत होते, आणि यांचा हात दुखला नसता तर तशीच घरी गेले असते. यांना मी हे बोलून दाखवलं नाही. उगाच भाव खाल्ला असता.

"हाच द्या," आत येऊन मी तो राखाडी ठोकळा पुढे केला.

गॅरंटीचा चेहरा उतरला. "काकू, तो नका घेऊ. त्याचा माईक अगदी साधा आहे. बाहेरचा सगळा कचरा पलीकडे जातो. लोक परत आणून देतात. मला लाज वाटते तो विकायला."

"तो कचरा नाही," मी म्हटलं. "ती माझी बहीण आहे."

मग मला त्याला सगळं सांगावं लागलं. मी सांगत होते तोवर हे काचेच्या दारातून खांबाकडे बघत राहिले. गॅरंटी स्टुलावरून खाली उतरला. त्याने तो ठोकळा मऊ फडक्याने पुसला, खोक्यात घातला आणि कुरिअरवाल्याला स्वतः फोन लावला. जन्मभर खराब माल शोधून बाजूला काढायचं काम केलं मी, आणि त्या दिवशी दुकानातला सगळ्यात वाईट फोन निवडून पत्ता घालून माझ्या बहिणीला धाडला.

माझ्यासाठी काय, कुठलाही चालणार होता. मी सगळ्यात मोठ्या काचेचा घेतला. काच बघायची सवय, दुसरं काय.

पार्सल वेळेत पोचेल अशी गॅरंटी होती. अर्थातच पोचलं नाही. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी ते कुठल्याशा गोदामात पडून होतं, आणि आम्ही दोघी जुन्या फोनवर शेवटचं बोलत होतो.

"ताई, उद्यापासून थोडे दिवस तुला तो तुझ्या लेकीने आणलेला फोन वापरावा लागेल. त्याच्यातून टकटक येत नाही. पार्सल आलं की येईल. तोवर तुझा चेहरा बघून बोलूया का? मला ओठ वाचता येतात अजून."

टक टक.

"अगं दोनच दिवस."

टक टक. टेबल नक्की तडकलं असणार. मी पुन्हा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी माझा जुना फोन सकाळीच मुका झाला. पडद्यावर वेळ दाखवत होता, बाकी काही नाही. मी त्याला रुमालात गुंडाळून खणात ठेवलं. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून नव्या फोनवरून ताईचा नंबर लावला. भाचीने उचलला. "मावशी, आईच्या हातात देते. तिला काय कुठे दाबायचं ते शिकवलंय. मी जरा खाली जाऊन येते, तुम्ही बोला."

"ताई," मी म्हटलं.

काही नाही. साधी खरखरही नाही. जुन्या फोनवर ती गप्प असली तरी तिच्या घरातला पंखा ऐकू यायचा, खुर्ची ओढल्याचं कळायचं. इथे तर कुणी कानात कापूस कोंबावा तसं. ती टकटक करत असणार, मला ठाऊक होतं. तिच्या टका टेबलावरून निघत होत्या आणि तो शहाणा फोन त्या कचरा म्हणून टाकून देत होता.

मी बोलत राहिले. कारखान्यात नवा साहेब आलाय, तो चालताना जुन्यापेक्षाही वाईट चालतो. यांनी खांब बडवला त्याची गंमत पुन्हा सांगितली. या गमतीवर ती हमखास अंगठी घासणार होती. मी थांबले. काही नाही. पुन्हा बोलायला गेले तर पुढचं वाक्यच सापडेना. एकटीने किती बोलायचं? ती तिथे आहे की उठून गेली, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता.

"ताई, मला नाही जमत हे," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. "तू घासलीस ना आत्ता अंगठी? मला ऐकायची होती गं. तू बोलत नाहीस त्याचं मला काही नाही वाटत. पण तू आहेस हे तरी मला कळू दे."

फोन कट झाला.

मी त्या मोठ्या काचेकडे बघत बसले. चुकलंच माझं, उगाच रडले, आता ती चार दिवस फोन घेणार नाही. एवढ्यात काच उजळली आणि फोन वेगळ्याच सुरात वाजायला लागला. वर ताईचं नाव, आणि शेजारी छोटा कॅमेरा.

मी फोन उचलून जवळ धरला. हिरवं दाबायचं की वर ओढायचं? मी ओढलं, काही होईना. माझी ती गुळगुळीत बोटं, वर रडून ओली. "अहो!" मी ओरडले. "अहो, या इकडे! उघडत नाहीये!" हे आतून धावत आले, त्यांनी माझं बोट धरून पदराला पुसलं आणि काचेवर ठेवून वर सरकवलं. मग परत आत गेले आणि दार ओढून घेतलं.

आधी काचेत छत दिसलं. मग टेबलाची कड. मग ताईचा हात. सुरकुतलेला, शिरा वर आलेल्या, बोटात तीच स्टीलची अंगठी. बोट उचललं गेलं आणि टेबलावर पडलं. एकदा. आवाज काहीच आला नाही. मी "हो, हो, दिसलं," म्हणाले.

मग फोन वर उचलला गेला. माझी ताई. केस सगळे पांढरे, पण भांग सरळ काढलेला. गळ्याभोवती निळा रुमाल. गाल आत गेलेले, डोळे तेच, रागीट. तिने ओठ हलवले. अगदी हळूहळू नाही, आपल्या नेहमीच्या वेगाने, कारण मला वाचता येतं हे तिला ठाऊक होतं.

'म्हातारी झालीस.'

"तू पण," मी म्हटलं. "आणि मी निदान जाडी तरी झालेय."

तिचे खांदे हलायला लागले. हात खाली जाऊन टेबलावर अंगठी घासून आला. मला ती खर्र ऐकू आली नाही, पण एवढं बघून मला हसू आणि रडू एकदमच आलं.

'भोंगा बंद कर,' ती ओठांनी म्हणाली. 'एवढ्या वर्षांत नाक पुसायला शिकली नाहीस.'

मी नाक पुसलं. तिची नजर माझ्यावर होती आणि माझी, कितीही आवरली तरी, त्या निळ्या रुमालावर जात होती. तिने ते ओळखलं. तिचं तोंड घट्ट मिटलं. आता ती फोन खाली ठेवणार, हे मला कळलं. दयेने बघणाऱ्या आणि मान वळवणाऱ्या माणसांना ती वर्षभर कंटाळली होती. पण मी दयेने बघत नव्हते. मला खरोखरच कुतूहल वाटत होतं, आणि ते लपवणं मला जन्मात जमलेलं नाही.

"श्वास पूर्ण तिथूनच घ्यायचा?" मी विचारलं. "नाकाने काहीच नाही? मग वास येतो का? आणि आंघोळीच्या वेळी काय करतेस? पाणी आत जात नाही?"

ताईच्या कपाळावरची आठी सैल झाली. 'तू काही सुधारणार नाहीस,' ती म्हणाली.

"दाखव ना," मी म्हटलं.

तिने आधी दाराकडे बघून घेतलं. मग तिने मानेमागची गाठ सोडली आणि रुमाल काढून मांडीवर ठेवला. फोन जवळ घेतला.

मी चष्मा लावला आणि ती मोठी काच दिव्याच्या उजेडाकडे तिरकी केली. गळ्याच्या खळग्यात एक लहानसं, गोल तोंड होतं. कड गुलाबी, स्वच्छ भरून आलेली. कुठे चीर नाही, कुठे वाकडेपणा नाही. श्वासाबरोबर ते किंचित आत-बाहेर होत होतं. आयुष्यभर मी बाटल्यांची तोंडं तपासलीत. मी घाई केली नाही. वरून बघितलं, खालून बघितलं, कड पूर्ण फिरून बघितली.

ताईने फोन लांब धरला. तिचे डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती. 'नीट तपासलंस ना?' तिने विचारलं.

मी अंगठी घातलेला हात तिला दिसेल असा वर धरला आणि टेबलावर एकदा मारला.